हवाप्पांची रोजची हवा

चाकात हवा जितकी जास्त तितकी मोटार हलकी, असं मला वयाच्या बाविसाव्या वर्षी वाटत होतं. फुगा वर जातो, फुगलेली पुरी तेलावर तरंगते, तेव्हा मोटारीचंही तसंच असणार. एवढ्या अभ्यासावर मी माझ्या मामांच्या मोटारीच्या मागच्या चाकात दंड भरून येईपर्यंत हवा भरली, मग हात बदलून आणखी भरली. मोटार भर उन्हात उभी होती. समोर ओसरीवर मामांच्या मुलीला, पारूला, बघायला आलेले गुलबर्ग्याचे पाहुणे चहा पीत होते. त्यांना परत स्टेशनावर सोडायचं होतं आणि पाहुण्यांना हलक्या मोटारीतून न्यावं, असा माझा चांगला हेतू होता.

चाक फुटलं. आवाज असा झाला की हुलसूर गावची कुत्री आधी पळाली आणि मग भुंकली. नवऱ्या मुलाच्या बापाचा चहा त्यांच्याच रुमालावर गेला. नवरा मुलगा काही वेळ सापडेना. तो कडब्याच्या गंजीमागून निघाला आणि "कोण गेलं?" असं विचारू लागला. त्याच्या बापानं कपबशी खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "हितून स्टेशनला बैलगाडी मिळंल का?"

मामांनी पाहुण्यांकडे पाहिलंच नाही. ते फुटलेल्या चाकापाशी उकिडवे बसले, आजारी बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा त्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "शिवल्या, खरं सांग. मुद्दाम केलास का येडेपणानं?"

प्रश्न साधा नव्हता. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. माझी आई म्हणजे मामांची थोरली बहीण, आणि पारू पाळण्यात असल्यापासून आई तिला "माझी सून" म्हणत आलेली. मलाही दुसरी मुलगी नको होती. मामांना मात्र हा हक्क मान्य नव्हता. "हक्क शेतावर असतोय, पोरीवर न्हाई," असं ते बहिणीच्या तोंडावर म्हणत. म्हणून तर सरकीचा व्यापार करणारे हे गुलबर्ग्याचे पाहुणे आले होते. आता मुद्दाम केलं म्हणावं तर मी लबाड, आणि येडेपणानं म्हणावं तर येडा. दोन्हींपैकी कोणाला मुलगी लवकर मिळते याचा मी जरा विचार केला.

"येडेपणानं," मी म्हणालो.

मामांनी माझं तोंड नीट न्याहाळलं. "व्हय, दिसायलंच," ते म्हणाले. "लबाड असतास तर आत्ता तुझ्या गावाला, खजुरीच्या वाटंला लावलं असतं. येडा हायस तर हितंच ऱ्हा आन् हवा शिक."

असा मी हवाप्पांचा शिष्य झालो.

त्यांचं खरं नाव काशिनाथप्पा. हुलसुरात त्यांचं गुळाचं आणि धान्याचं अडत दुकान होतं. हवाप्पा हे नाव त्यांच्या तोंडावर कोणी घेत नसे आणि पाठीमागे दुसरं नाव कोणी घेत नसे. कपाळावर इभुतीचे तीन पट्टे, अंगात पांढरी कुडती, हातात निर्गुडीची काठी. एखादी मोटार दिसली की आधी चारही चाकांना काठीनं वाजवायचं, कान द्यायचा, आणि मगच आत बसलेल्या माणसाला हात जोडून शरणार्थी म्हणायचं. कलिंगड घेताना आपण वाजवून घेतो, तसं. "बद्द" वाजलं की हवा कमी, "टण" वाजलं की जास्त. मधला एक आवाज होता, तो फक्त त्यांना ऐकू येई. पुढे पुढे तो मला ऐकू येतो असं मी म्हणू लागलो.

ही मोटार त्यांनी बिदरच्या एका अंमलदाराकडून जुनीच घेतली होती. चालवायला शिकवलं तिथल्याच एका उस्तादांनी. त्यामुळे मामांच्या तीन भाषांची वाटणी ठरून गेली होती. दुकानाचा हिशेब कानडीत, भांडण मराठीत आणि मोटार दखनीत. चाकाशी बोलताना ते अगदी नवाबी होत. "क्या मियाँ, आज कैसा है मिजाज?" असं एकेका टायरला विचारत. पंप मारताना मात्र पुरे झालं की "साकू" म्हणत. पुरे म्हणायला कानडीइतका चांगला शब्द दुसऱ्या भाषेत नाही, असं त्यांचं मत होतं. "मराठीत पुरे म्हणलं तर माणूस अजून एक दट्टा मारतोच," ते म्हणत.

मोटारीच्या दाराच्या आत एक पितळी पट्टी ठोकलेली होती. तिच्यावर पुढच्या चाकांत किती हवा, मागच्या चाकांत किती, ते इंग्रजी आकड्यांत कोरलेलं. उस्तादांनी हवा मोजायची एक पेन्सिलीएवढी मापीही दिली होती. मामांचा दोन्हींवर विश्वास होता, पण भाबडा नव्हता. "ही पट्टी म्हंजे पंचांग," ते सांगत. "त्यातला मुहूर्त सोडायचा न्हाई. पर आपल्या दारात मांडव किती मोठा हाय, ते पंचांगाला काय ठावं?" म्हणून आधी पट्टीवरच्या आकड्याइतकी हवा भरायची, मग आपलं ओझं बघायचं, आपली सडक बघायची, आणि त्या आकड्याच्या जरा अलीकडे किंवा जरा पलीकडे थांबायचं. फार लांब गेलात तर पट्टी ठोकणाऱ्याचा अपमान, असं ते म्हणत, आणि तो माणूस विलायतेत कुठेतरी बसून वाईट वाटून घेत असेल अशा चेहऱ्यानं म्हणत.

आता ओझं बघायचं म्हणजे कसं? इतरांनी अंदाज केला असता. मामांच्या दुकानात साखळ्यांचा मोठा तराजू टांगलेला होता. त्यांच्या मोटारीतून ज्याला कुठे जायचं असेल, त्याला आधी त्या तराजूत बसावं लागे. एका पारड्यात माणूस, दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा. मग मामा मागच्या चाकांना किती दट्टे जास्ती ते ठरवत. गावातल्या लोकांना सवय झाली होती. लांबच्या प्रवासाला निघालेली बाई मुलाला कडेवर घेऊनच पारड्यात बसे, म्हणजे एकदाच मोजणं होई.

एकदा एक निवृत्त तहसीलदार हुलसुरात आले. अंगानं भरदार, मिशा तेल लावलेल्या. त्यांना भालकीला पोचवायचं होतं. मामांनी त्यांना अदबीनं दुकानात नेलं, पारड्यावर चादर अंथरली आणि "बसा सरकार" म्हणाले. बाहेर पंधरा-वीस माणसं जमली. दुसऱ्या पारड्यात ढेपा चढू लागल्या. तहसीलदारांचे डोळे भरून आले. आपली गूळतुला होते आहे, असं त्यांना वाटलं. ते पारड्यातच उभे राहिले आणि बोलू लागले. आपण ह्या तालुक्यासाठी काय केलं, काय करता आलं नाही, लोकांच्या मनात एवढं प्रेम असेल असं वाटलं नव्हतं. पारडं हलत होतं, तेही हलत होते. मामा खालून दोनदा म्हणाले, "सरकार, जरा बसा, काटा ठरंना." सरकारांना वाटलं, हा आग्रह आहे. शेवटी त्यांनी हात जोडून सांगितलं की हा सारा गूळ गावातल्या मुलाबाळांना वाटावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता गूळ परत दुकानात कसा न्यायचा? मामांनी तो वाटला. मामी आतून म्हणाल्या, "ह्या माणसाची हवा लई गोड पडायलीय." त्या दिवसापासून जाड पाहुण्यांना ते ढेपांऐवजी जोंधळ्याच्या पोत्यांनी तोलू लागले.

आणि मामींचं काय, तर मामींच्या मांडीवर ताकाचा तांब्या. ही मामांची शेवटली आणि सगळ्यात वरची कसोटी. गळ्यापर्यंत भरलेला तांब्या मांडीवर घेऊन मामींनी मागे बसायचं आणि मामांनी गावाबाहेरच्या मुरमाच्या सडकेवर मोटार न्यायची. हवा जास्त असली की चाक दगडावरून टुणकन उडे आणि ताक मामींच्या लुगड्यावर. हवा कमी असली की ताक निपचित. पण निपचित ताकावर खूश व्हायचं नाही. "मऊ गादीवरचा माणूस उशिरा उठतोय," मामा म्हणत. हवा कमी असली की चाक आतून तापतं, दोन्ही कडा झिजतात, मोटार पेट्रोल पिते आणि वळवताना स्टेरिंग चिखलातल्या नांगरासारखं जड होतं. हवा बरोबर कशी ओळखायची, तर त्यांचं एकच वाक्य होतं: "ताक हललं पाह्यजे, सांडलं न्हाई पाह्यजे."

मामी म्हणत, "लोक बायकूला बाजाराला नेतेत. मला ताकाला नेतेत."

दुसऱ्यांच्या चाकांवरही मामांची नजर असे. भालकीच्या बाजारात उभ्या असलेल्या मोटारींचे टायर ते ज्योतिष्यानं हात बघावा तसे बघत. मधोमध झिजलेला टायर दिसला की म्हणत, "ह्याचा मालक फुशारकीचा. हवा उगीच जास्ती भरतोय." दोन्ही कडा झिजलेल्या दिसल्या की "आळशी हाय, पंपाला हात लावत न्हाई." हे ते मालकाच्या समोर सांगत. प्रवासी नेणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीच्या मालकाला त्यांनी "तू नुसता आळशी न्हाईस, चिक्कू बी हायस" असं सांगितलं तेव्हा तो अंगावर धावून आला. मामांनी काठी पुढे केली आणि त्याचा टायर वाजवला. "आईक," ते म्हणाले. त्या माणसानंही खाली वाकून ऐकलं. मग दोघांनी मिळून हवा भरली आणि चहा पिऊन वेगळे झाले.

लोक एक चूक हमखास करीत आणि तिच्यावर मामांचा सगळ्यात जास्त राग. लग्नाला जायचं म्हणून सात-आठ माणसं कोंबायची, त्या वजनाला हवा भरायची, आणि लग्न झाल्यावर तीच हवा ठेवून एकट्यानं आठवडे बाजार करायचे. "लगीन वर्षातून एकदा," मामा सांगत, "बाजार दर आठवड्याला. हवा बाजाराची ठेवायची. रोजचं ओझं, रोजची सडक, रोजची हवा. लगनाला जायचं तर दोन दट्टे वर मार, आन् घरी आला की आठवणीनं सोड. माणसं लगनाची हवा घेऊन जलमभर हिंडतेत, मग हाडं दुखतेत म्हणतेत."

मी शिष्य म्हणून मोटार चालवायला शिकलो आणि हे सगळं तोंडपाठ केलं. पाठांतरात मी पहिल्यापासून चांगला. फक्त एक नियम माझ्या डोक्यात उलटा बसला. हवा बघायची ती सकाळी, चाक थंड असताना. मोटार पळून आली, उन्हात उभी राहिली, की आतली हवा फुगते आणि चाक कडक लागतं. "तापलेलं चाक खोटं बोलतंय," मामा म्हणत. "त्याची हवा सोडायची न्हाई. तापलेल्या चाकाला आन् तापलेल्या बाईला गप ऱ्हाऊ द्यायचं." हे मामी घरात नसल्याची खात्री करून म्हणत.

एकदा दुपारी आम्ही भालकीहून परतलो. मामा जेवायला आत गेले. मी चाकं दाबून बघितली तर दगडासारखी. मला तो फुटलेला टायर आठवला, कडब्यामागून निघालेला नवरा मुलगा आठवला, आणि मी चपळाईनं चारही चाकांतली हवा सोडली. हाताला बरं लागेपर्यंत सोडली. संकट टाळल्याच्या समाधानानं जेवायला बसलो आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सकाळी उठून पाहतो तर मोटार म्हशीसारखी खाली बसलेली. त्या दिवशी भालकीला गुळाचा सौदा होता. मामा बाहेर आले, पाहिलं, आत गेले आणि लाकडी खुर्ची घेऊन परत आले. मोटारीसमोर खुर्ची मांडून बसले. नुसतं पंपाकडे बोट दाखवलं. मी दट्टे मारत होतो आणि मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी ओळख करून देत होते. "आमचा भाचा. खजुरीचा. हवेत लई हुशार हाय." लोक थांबत, बघत, एखादा सल्ला देत आणि पुढे जात. पारू चहा घेऊन आली. मामांना कप दिला, मला दिला, आणि हळूच म्हणाली, "आज कुणाला पळवून लावायलास?"

"गप बस," मी धापा टाकत म्हणालो.

"मी गप हाय. मोटारच बसलीय."

एवढं बोलून ती गेली. मला वाटलं, आता हिचाही विश्वास उडाला.

त्यात गुलबर्ग्याचे सरकीवाले अजून हटले नव्हते. त्यांचा निरोप आला की मुलगी पुन्हा बघू, पण जिथे मोटार नसेल अशा जागी. सुगी संपल्यावर कमठाण्याच्या एका नातेवाइकांकडे बघण्याचं ठरू लागलं. मामी त्या बाजूच्या होत्या. मुलगी शहरात पडेल, रोज नळाचं पाणी मिळेल, असं त्यांचं म्हणणं. इकडे माझी आई खजुरीहून येईल त्याच्याबरोबर सांगावा धाडत होती. मामांच्या मनाचा काही थांग लागेना. मी पारूकडे बघे, पारू चाकांकडे बघे.

आणि एका संध्याकाळी मामा मला म्हणाले, "उद्या भालकीला जायचंय. मी, तुझी मामी, पारू. एक पोतं हरभरा. हवा तू बघ, मोटार बी तूच चालव. मामी ताक घेऊन बसंल. मग काय ते बघू."

मग काय ते बघू. मला काय ते कळलं. ही परीक्षा होती.

सकाळी सूर्य वर यायच्या आत मी मोटारीपाशी गेलो. नव्या टायरांची चाकं थंडगार होती. पट्टी पुसली, आकडे वाचले, मापी लावली. चारही चाकांत पट्टीएवढी हवा केली. मग ओझ्याचा विचार. मामींना तराजूत बसा म्हणायची छाती नव्हती, तेव्हा त्यांचं वजन नजरेनं धरलं आणि भीतीपोटी जरा जास्त धरलं. हरभऱ्याचं पोतं मागे. म्हणजे मागच्या चाकांना थोडी जास्त. पण किती? भालकीची सडक निम्मी मुरमाची, निम्मी काळ्या मातीची, वाटेत एक दगडाळ ओढा. एक दट्टा मारला, काठीनं वाजवलं, कान दिला. काही ऐकू आलं नाही. दुसरा मारला, वाजवलं. आता कान नुसता गरम झाला. मागे वळून पाहिलं तर पारू ताकाचा तांब्या घेऊन दारात उभी. आणखी एक दट्टा मारायला मी हात उचलला.

"साकू," ती म्हणाली.

मी थांबलो. का थांबलो ते सांगता येत नाही. तिच्या बापाचाच आवाज होता, फक्त बारीक.

मोटार निघाली. मामा शेजारी डोळे मिटून बसलेले. मागे मामी, मांडीवर तांब्या. वेशीबाहेर पडताच मामींनी वार्ता सुरू केली. "हललं." पुढे एक खड्डा. "हललं." मुरूम लागला. "हलायलंय, पर काठाला लागलं न्हाई." ओढ्यातल्या गोट्यांवरून मी मोटार इतकी हळू काढली की शेजारून एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन आमच्या पुढे गेली. मामींच्या आवाजात आता अनिच्छेनं का होईना कौतुक येऊ लागलं होतं. मला तो आवाज सनईसारखा वाटायला लागला. काळ्या मातीची वाट सुरू झाली. स्टेरिंग हलकं, चाकं गुमान चाललेली. मी मनात मांडवात उभा राहिलो.

तेवढ्यात एक म्हैस सडकेवर आली आणि मधोमध उभी राहून आमच्याकडे पाहू लागली. मी जोरात ब्रेक दाबला. मोटार थांबली. ताक थांबलं नाही. ते तांब्यातून उठलं, पुढे आलं आणि मामांच्या डोक्यावरच्या रुमालावर पडून इभुतीवर आणि मिटलेल्या डोळ्यांवर ओघळलं.

म्हैस हलेना. मग पारूला हसू आलं. तिनं पदर तोंडात कोंबला, पण मोटार तिच्या हसण्यानं हलू लागली.

"सांडलं," मामी म्हणाल्या.

मामा खाली उतरले. मिशीवरचं ताक पुसलं. एकेका चाकाभोवती फिरले, काठीनं वाजवलं, पंजानं दाबलं. चौथ्या चाकाशी जरा जास्तच वेळ बसले. मी देवाचं नाव घेत होतो.

"कशानं सांडलं?" त्यांनी मामींना विचारलं.

"म्हशीनं," मामी म्हणाल्या. बाई सरकीवाल्यांच्या बाजूच्या, पण खोटं बोलणाऱ्या नव्हत्या.

"मग ते हवेत धरायचं न्हाई," मामा म्हणाले. "म्हशीचं ताक व्हतं, म्हशीपायी गेलं. चल."

भालकीपर्यंत उरलेल्या ताकाचा एक थेंब सांडला नाही. बाजारात पोचल्यावर मामांनी तांब्या तोंडाला लावला, रिकामा केला आणि "मीठ कमी हाय" म्हणाले. मग मामींकडे वळून म्हणाले, "खजुरीला अक्काला निरोप धाडा. लगीन ह्या उन्हाळ्यात करू." मी हरभऱ्याचं पोतं उतरवायचं सोडून त्याच्यावरच बसलो.

लग्न झालं. वरातीला मोटारीत नऊ माणसं बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे अक्षता अजून मांडवात पडलेल्या असताना मामा उकिडवे बसून लग्नाची हवा सोडत होते.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं मी ही हकिगत सगळ्यांना सांगितली. लोक हुंडा देऊन, पत्रिका जुळवून बायको मिळवतात, मी हवा बरोबर भरून मिळवली, असं म्हणायचो. लग्नकार्यात, बाजारात, देवळाच्या पायरीवर. ऐकणारे माना डोलवत. पारू मात्र हकिगतीत म्हैस आली की दूध बघायला आत जायची.

मधल्या काळात दुसऱ्या महायुद्धाची लढाई आली. पेट्रोल चिठ्ठीवर मिळू लागलं, मग चिठ्ठीवरही मिळेना. टायर तर डोळ्यांना दिसेनासे झाले. मोटार विटांवर चढली. आता मामा खचणार, असं आम्हांला वाटलं. त्यांनी आठवडाभर मोटारीभोवती चकरा मारल्या आणि मग सुताराला बोलावून मागची चाकं आखासकट बैलगाडीला बसवून घेतली. मोटारीच्या चाकांवर चालणारी बैलगाडी बघायला आजूबाजूच्या गावांची माणसं आली. आधी हसली. पण एकदा बसली की उतरेनात, कारण गाडी वाजत नव्हती, हाडं खिळखिळी होत नव्हती. बैलही खूश. मामा सकाळी उठून आधी चाकं वाजवत, मग बैलांना वैरण. बैलांच्या चालीला किती हवा लागते याचा त्यांनी नवा अभ्यास मांडला आणि मामी पुन्हा ताक घेऊन मागे बसू लागल्या. पितळी पट्टीवर बैलांचं काही कोरलेलं नव्हतं, त्यामुळे आता सगळा कारभार त्यांच्याच हातात आला होता. माझ्या मते हे दिवस त्यांचे सगळ्यात सुखाचे.

मी आजही चाकाची हवा सकाळी, थंड असतानाच बघतो. रोज जेवढी माणसं बसतात तेवढ्यांची ठेवतो. कुणी म्हणालं, राहू द्या जास्त, लागेल कधीतरी, तर मला हाडं दुखायला लागल्यासारखं होतं.

लढाई संपल्यावरच्या उन्हाळ्यात मामा त्या गाडीतून मुक्काम करत करत खजुरीला आले. आमच्या धाकट्याचं बारसं होतं. चार दिवस राहिले, गावातल्या एकुलत्या एका सायकलीची चाकं वाजवून आले, तिच्या मालकाला फुशारकीचा म्हणून आले. पुढच्याच पावसाळ्यात ते वारले, म्हणून ही आमची शेवटची भेट. निघायच्या दिवशी गाडी जुंपली होती. मामा चढून बसले, मामी चढल्या. पारू चाकाला हात लावून उभी होती. अंगणात बारशाचे पाहुणे होते आणि त्यांना मी आदल्या रात्री सगळी हकिगत रंगवून सांगितलेली. खुद्द परीक्षकाच्या तोंडून ती ऐकवावी, असं मला वाटलं.

"मामा," मी मोठ्यानं विचारलं, "जाता जाता एवढं सांगा. त्या दिवशी भालकीच्या सडकेवर माझी हवा कितपत बरोबर व्हती?"

"कुठल्या दिवशी?"

"परीक्षेच्या. ताक, म्हैस. तुम्ही पारू मला दिलीत तो दिवस."

मामांनी पारूकडे पाहिलं. पारू बैलांकडे बघू लागली.

"पारूनं तर तुझं नाव त्याच्या आधीच सांगितलं व्हतं," मामा म्हणाले. "म्हणली, करीन तर ह्यालाच. मी म्हणलं, आणखी एकदा बघ. ती बघितली, आन् तेच म्हणली. मग मी काय करणार?"

अंगणातले पाहुणे माझ्याकडे बघत होते.

"मग मला मोटार कामून चालवायला लावली?" मी म्हणालो. "ते ताक, ती परीक्षा?"

मामांनी कासरा हातात घेतला.

"चारी टायर नवे घातले व्हते," ते म्हणाले. "परीक्षा त्यांची व्हती. तुझी कुठली?"